रुखमाच्या नवसाची पंगत

साकोलीला मोठ्या सडकेच्या अल्याड टिकारामचं गॅरेज होतं आणि पल्याड, अगदी नाकासमोर, पुंडलिक मिस्त्रीचं. मधून ट्रका धूळ उडवत जायच्या. टिकारामची बायको रुखमा रोज सकाळी गॅरेजपुढचं आंगण झाडायची आणि झाडू नेहमी पुंडलिकच्या दिशेनं मारायची. कचरा काही त्याच्या दारापर्यंत पोचत नसे, एखादा ट्रक मधेच तो उडवून न्यायचा. पण झाडू त्या दिशेनं मारल्याशिवाय तिला सकाळचा चहा गोड लागत नव्हता.

दारात एक लंगडं कुत्रं येऊन बसायचं. त्याचं नाव तिनं 'मिस्त्री' ठेवलं होतं. समोरच्या बाकड्यावर गिऱ्हाईकं बसली की ही इकडून गळा काढून ओरडायची, "हाड रे मिस्त्री! कामाचा ना धामाचा, नुसता भुंकते मेला!"

जॅक लावलेल्या गाडीखालून टिकारामचा आवाज यायचा, "बस कर वो. मुक्या जनावराले कायले बदनाम करून राहिली?"

टिकाराम असा होता. रागाचं बोलणं त्याच्या तोंडून निघत नसे. त्याच्या वाटणीचा रागही आपणच पाळायचा आहे, असं रुखमानं ठरवून टाकलं होतं, आणि दुभत्या म्हशीसारखा तिनं तो पाळला होता.

ह्या वैराचं मूळ साकोलीत नव्हतं. ते त्यांच्या गावात होतं, आत जंगलाच्या कडेला. तिथं टिकाराम भय्याजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. भय्याजी म्हणजे गावातल्या राइस मिलचे मालक. त्यांची काळी मोटार पंचक्रोशीत एकटीच होती, आणि तिला एक खोड होती. गाव आणि मोठी सडक यांच्या मधे एक चढाव लागायचा. चढावाच्या माथ्यावर मोहाच्या झाडाखाली वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड. उन्हाच्या दिवसांत भरली गाडी तिथं आली की कधी कधी एकदम मरायची. ना खोकणं, ना धक्का. दिव्यावर फुंकर मारावी तशी.

मग सगळे उतरायचे. वाघदेवापुढे नारळ फुटायचा, खोबऱ्याचे तुकडे वाटून व्हायचे, कोणी पान खायचं, कोणी झाडाआड जाऊन यायचं. तेवढं होऊन टिकारामनं सेल्फ मारला की गाडी हसत सुरू. वाघदेवाला नारळ पाहिजे होता, असं सगळं गाव म्हणायचं. भय्याजींच्या गाडीत मग एक नारळ कायमच ठेवलेला असायचा.

टिकाराम एकदा म्हणाला होता, "मालक, देवाचं देवाले देऊच. पण एकदा गाडी चांगल्या जागी दाखवून घेऊ."

"नारळानं काम होते तं मिस्त्री कायले पाहिजे बे?" भय्याजी हसले होते. "तुले देवापेक्षा जास्त समजते काय?"

गोष्ट तिथंच राहिली.

आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात आंधळगावला रुखमाच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. टिकारामनं रजा मागितली. भय्याजींनी दिली नाही. वर चार माणसांत म्हणाले, "साळीच्या लग्नात नाचायले जाते काय? गाडी कोण हाकलन, तुझा बाप?"

त्या संध्याकाळी टिकाराम घरी आला तो तांबडालाल होऊन. रुखमा चुलीपुढे पीठ मळत होती. तो म्हणाला, "एक दिवस ह्याची गाडी भर रस्त्यात उभी करून देईन. मंग समजन ह्याले."

आयुष्यात रागानं बोललेलं त्याचं हे एवढंच वाक्य. ते रुखमानं ऐकलं, आणि दुसऱ्या कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भय्याजींच्या वडिलांच्या, बाबूजींच्या, छातीत कळ आली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी काढली. म्हातारं मागच्या सीटवर भय्याजींच्या मांडीवर. आणि वाघदेवाच्या चढावावर गाडी मेली.

त्या घाईत गाडीत नारळ नव्हता. टिकारामनं बोनेट उघडलं, हात भाजून घेतले, सेल्फ मारून मारून बॅटरी दमवली. भय्याजी ओरडत होते, रडत होते. शेवटी बांबूंचा एक ट्रक आला. बाबूजींना त्यात उचलून ठेवलं. लाखनीच्या पुढे कुठेतरी बाबूजी गेले.

आणि ट्रक दिसेनासा झाल्यावर टिकारामनं काय केलं? बराच वेळ वाघदेवापुढे डोकं टेकून बसला. मग एकदा सेल्फ मारून पाहिला. गाडी सुरू झाली. त्यानं ती चालवत गावात आणली, रडत रडत, आणि राइस मिलपुढे उभी केली. साऱ्या गावानं ती चालत येताना पाहिली.

सगळं तिथं फिरलं. मालक होते तोवर बंद, मालक गेले की सुरू! रजा मिळाली नव्हती, हेही सगळ्यांना माहीत होतं. भय्याजींनी साकोलीहून पुंडलिक मिस्त्रीला बोलावलं. पुंडलिकनं गाडी मिलच्या शेडमध्ये, थंड सावलीत, उलटीपालटी करून पाहिली. दर वेळी अर्ध्या सेल्फवर सुरू. पॉइंट साफ, प्लग साफ, पेट्रोल बरोबर.

बाबूजींच्या तेरवीला गावजेवण होतं. मांडवात पुरुषांची लांब पंगत बसली होती. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, वडे. टिकारामही बसला होता. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरचं सुतक त्यालाही होतं. त्याच्या समोरच पुंडलिक मिस्त्री. कोणीतरी विचारलं, "काय हो मिस्त्री, गाडीत काय निघालं?"

पुंडलिक वड्याचा तुकडा मोडत म्हणाला, "गाडीत खोट नाई जी. मी पुरी पाहिली. खोट होती तं चालवणाऱ्यात होती."

साऱ्या माना टिकारामकडे वळल्या. भय्याजी वाढणाऱ्यांच्या मागे उभे होते, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. ते टिकारामपाशी आले आणि म्हणाले, "ऊठ."

टिकाराम भाताला हात लावून बसला होता. त्याला वाटलं, काही काम आहे.

"ऊठ म्हणतो ना! माझ्या बापाचं जेवण तुले पचन नाई."

आणि पायानं त्याची पत्रावळ बाजूला सारली. वरण मातीत गेलं. टिकाराम उठला. खरकट्या हातानं मांडवाच्या बाहेर गेला.

आमच्याकडे पंगतीचा एक नेम आहे. जेवता जेवता एक माणूस उठला तर पंगत मोडते. मग कोणी पुढचा घास घेत नाही. म्हणून म्हातारी माणसं आधी जेवून झालं तरी शेवटच्या माणसासाठी पानावर बसून राहतात. त्या दिवशी मात्र कोणी उठलं नाही. माना खाली घालून सारे जेवत राहिले. वड्यांचा घाणा काढता काढता रुखमानं चुलाण्यापाशी उभं राहून ते पाहिलं. एकेकाचा चेहरा पाहून ठेवला. झारा तेलात तसाच टाकून ती निघाली ती थेट गावदेवी मातामायच्या पाराशी.

रुखमा देवभोळी नव्हती, पण देवाची होती. मंगळवार सोडत नसे, मातामायची ओटी कधी चुकवत नसे. त्या दिवशी ती मूर्तीपुढे उभी राहिली आणि हात न जोडता बोलली.

"माय, तू बी पाहूनच राहिली होतीस ना? मंग आइक. ज्यानं माझ्या माणसाले खोटं म्हटलं, त्याले त्याच्याच तोंडानं पंगतीत खरं बोलायले लाव. ज्यानं उठवलं त्याले उठव. तोवर मी कोणाच्या पंगतीत बसणार नाई, अन् तुझी ओटी बी भरणार नाई. राह्य मंग रिकामी."

लोक नवस बोलतात तेव्हा देवाला काही द्यायचं कबूल करतात. रुखमानं देवाचं होतं ते अडवून धरलं.

गावात राहणं शक्य नव्हतं. ड्रायव्हर म्हणून कोणी ठेवेना. दोघं तुमसरला गेली. टिकाराम तिथं मँगनीजच्या ट्रका दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात चाकं धुवायला लागला. तो म्हणाला, "धुणं तं धुणं. पोट भरते."

"पोटासाठी आले काय आपण?" रुखमा म्हणाली. "इंजिन शिका. आतडं न् आतडं शिका. मले ते पुंडलिकच्या नाकावर पाहिजे."

तो शिकला. बायकोच्या धाकानं शिकला म्हणा, की आत कुठे त्यालाही जाणून घ्यायचं होतं म्हणा. काही वर्षांनी हात बसला तेव्हा तुमसरचा मालक त्याला सोडेना. पण रुखमानं साकोलीत जागा पाहून ठेवली होती. ती पुंडलिकच्या समोर होती आणि पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं. टिकारामनं चांगल्या दोन जागा सुचवल्या. रुखमानं ऐकलं नाही. "शत्रूच्या तोंडासमोर राहावं. त्याले रोज घास गिळतानी आपण दिसलो पाहिजे."

एक गोष्ट मात्र रुखमा कोणाशीच बोलली नव्हती. झाडू मारता मारता, पोळ्या लाटता लाटता, ते चुलीपुढचं वाक्य तिच्या कानात यायचं. *भर रस्त्यात उभी करून देईन.* नवरा गाईसारखा गरीब, हे तिला माहीत होतं. पण गायही एखाद वेळी शिंग मारते. त्यानंच किल्लीत काही केलं असेल तर? दोन मिनिटांसाठी, नुसता मालकाचा माज उतरवायला, आणि बाबूजींचा जीव हातून निसटला असेल तर? असं मनात आलं की ती झाडू आणखी जोरानं मारायची.

भय्याजींनी ती काळी मोटार बाप गेल्यावर फार दिवस ठेवली नाही. ती तेंदूपत्त्याचे ठेकेदार गोपाळराव यांच्याकडे आली. गोपाळराव जाडजूड, बोलके, सतत पान खाणारे. गाडी त्यांनाही जंगलाच्या रस्त्यांवर दगा द्यायची. ते ती पुंडलिककडे आणायचे. पुंडलिकनं कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला. गाडी त्याच्या शेडमध्ये दर वेळी शहाण्या सुनेसारखी वागायची आणि जंगलात गेली की माहेरचं रूप दाखवायची.

रुखमा अल्याडून पाहत होती. इतकी वर्षं. गाडी समोर येऊन उभी राहायची, जायची. तिला ती काळी पाठ दिसली की भाकर कडू लागायची.

साकोलीत कोणाकडे तरी पहिला टीव्ही आला, त्या वर्षीच्या चैत्रात एक दिवस गोपाळरावांनी पुंडलिकच्या दारातूनच हाक मारली, "अवो रुखमाबाई, तुमचे मालक आहेत का?"

"आहेत. कायले?"

"ह्या बयेनं मले कोका जंगलात वाघापुढे उभं केलं काल. पुंडलिकच्यानं होत नाई. तुमी पाहा."

आणि काळी मोटार सडक ओलांडून अल्याड आली. पुंडलिक हातात पाना घेऊन पाहत उभा राहिला. रुखमानं कुत्र्याला जवळ ओढलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चूप बस रे मिस्त्री. आता पाह्य."

टिकाराम गाडीभोवती फिरला. हात लावला नाही. रुखमाला वाटलं, तो भ्यालाय.

"काय झालं?"

"काही नाई. जुनी ओळख आहे."

त्यानं गाडी चालू केली. लागली. बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा लागली. दिवसभर तो बसून विचार करत राहिला. संध्याकाळी म्हणाला, "इथं ती आजारी पडणारच नाई. ताप आल्याबिगर नाडी कशी पाहाव? तिले तापवून तिथंच न्यावं लागन."

"कुठं?"

"वाघदेवाच्या चढावावर. अन् तू चाल संगं. मले दोन हात कमी पडते."

त्यानं तिला समजावलं, ते तिनं आयुष्यभर लक्षात ठेवलं. इंजिन फिरत असतं, पण फिरता फिरता ते कुठं आलंय हे कोणाला तरी कळावं लागतं, तेव्हाच नेमक्या क्षणी ठिणगी पडते. ते काम डिस्ट्रिब्युटरचं. त्याच्या डबीत कपाळाच्या टिकलीएवढे दोन पॉइंट असतात, ते उघडतात-मिटतात. बाहेरून करंट येतो तो वीतभरही नसलेल्या एका तारेनं त्यांच्यापर्यंत पोचतो.

टिकारामनं डॅशबोर्डाचा एक लहान बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या. "गाडी मेली का मी बोनेट उघडतो, एक वायर कॉइलच्या ह्या स्क्रूले लावून देतो, दुसरी बॉडीले. मंग मी सेल्फ मारतो. तू बल्ब पाहा. लुकलुकला तं पॉइंट काम करून राहिले, खोट दुसरीकडं. पेटलाच नाई तं किल्लीकडून करंटच येत नाई." 

"अन्?"

"अन् पेटून तसाच राहिला, लुकलुकलाच नाई, तं डबीच्या आत तुटलं आहे. पण निवायच्या आत पाहावं लागन. निवली का पुन्हा जुळते. नारळ फोडला, खोबरं खाल्लं, तेवढ्यात निवते. वाघदेवाले फुकटच बोल."

रुखमाच्या डोळ्यांपुढून ते सगळे नारळ गेले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, मागे धानाची पोती टाकून, ती दोघं निघाली. टिकारामनं गाडी रगडली. आधी वर-खाली, वर-खाली. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. रुखमाच्या हातातला बल्ब घामानं भिजला. ती मनात मातामायला म्हणत होती, बंद पाड. माय, बंद पाड. मग तिच्या लक्षात आलं की बंद पडली आणि बल्ब पेटलाच नाही तर? किल्लीकडून करंट नाही. किल्ली त्या दिवशी कोणाच्या हातात होती? मग ती म्हणू लागली, नको. राहू दे.

माथ्यावर, मोहाच्या झाडाशी, गाडी मेली. फुंकर मारावी तशी.

"उतर!" टिकाराम ओरडला. त्यानं बोनेट टाकलं मागे, भाजत्या स्क्रूला वायर लावली, पळत आत जाऊन बसला. "पाह्य!"

सेल्फ घरघरला. रुखमा वाकून पाहत होती. उन्हात बल्बचा उजेड दिसेना, म्हणून तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून बल्बावर अंधार केला.

बल्ब पेटला होता. सेल्फ फिरत होता आणि बल्ब लुकलुकत नव्हता. समईच्या वातीसारखा स्थिर पेटून होता.

"काय दिसते?" आतून आवाज आला.

तिनं पदर आणखी खाली ओढून पुन्हा पाहिलं.

"वो रुखमे! विझला का काय?"

"पेटून आहे," ती म्हणाली. "हालत बी नाई."

टिकाराम आला. त्यानं पदराखाली डोकं घालून स्वतः पाहिलं. मग डबीचं झाकण काढलं, आतली कापडी वेष्टनाची तार चिमटीत धरून हलकीशी ओढली. वेष्टन रबरासारखं लांबलं. आत तांब्याचा धागा नव्हताच. तापलं की आतली टोकं दूर जायची, निवलं की टेकायची. वरून पाहणाऱ्याला तार धडधाकट.

तो वाघदेवाच्या दगडाशी जाऊन बसला.  मग म्हणाला, "तुले बी शंका होती. नाई?"

रुखमा खोटं बोलली नाही. "होती. तुमी त्या दिवशी चुलीपाशी बोलले होते."

"माहीत आहे बोललो होतो ते." तो जंगलाकडे पाहत होता. "म्हणून तं मलेच वाटे, माझ्या बोलण्यानंच थांबली का काय."

नवी तार घालून गाडी गोपाळरावांना गेली आणि मग कधी थांबली नाही. जुनी तार रुखमाच्या पदराच्या गाठीत राहिली. टिकाराम म्हणाला, "चाल, झालं. समजलं ना आपल्याले."

"आपल्याले समजून काय करता? आपल्याले उठवलं होतं काय चार भिंतींत?"

तिनं मातामायच्या नावानं जेवण मांडलं. गावात, पाराशी. घरोघरी स्वतः कुंकू-अक्षता घेऊन गेली. भय्याजींच्या दारातही गेली. ते आता थकले होते. ते म्हणाले, "आमाले कायले बोलावतेस, बाई?"

"मातामायचं जेवण आहे जी. मी कोण बोलावणारी?"

पुंडलिकलाही तेच सांगितलं, गोपाळरावांनाही बोलावलं. देवीच्या जेवणाला नाही म्हणता येत नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. शेजारची जनाबाई वाढायला आली होती, ती कुजबुजली, "रुखमे, तुझ्या मनात का आहे वो? तुझं हसणं मले बरं नाई दिसून राहिलं."

"वड्यांत मीठ बरोबर आहे का पाह्य, माझं हसणं सोड."

पंगत बसली. त्या तेरवीला बसले होते ते बहुतेक सगळे होते, काही पिकलेले, काही वाकलेले. भय्याजी आणि पुंडलिक शेजारी शेजारी, मधोमध. टिकारामलाही तिनं बळजबरीनं टोकाला बसवलं होतं. पत्रावळींवर आधी मीठ पडतं. सगळ्यांना पडलं. भय्याजींच्या पानावर मिठाच्या जागी तिनं पदराची गाठ सोडून ती तार ठेवली. मग भात, वरण, भाजी, वडे वाढून झालं. हात भाताकडे जाणार तोच ती म्हणाली,

"थांबा जी. मिस्त्री, भय्याजींच्या पानावर का आहे ते सांगा. तुमाले गाडीतलं समजते."

पुंडलिकनं तार पाहिली. 

"घ्या हातात. ओढून पाहा."

सगळी पंगत पाहत होती. त्यानं तार उचलली, ओढली. वेष्टन लांबलं.

"काय आहे?"

"डिस्ट्रिब्युटरची तार."

"कशी आहे?"

"आतून तुटली आहे."

"कोणत्या गाडीची?"

त्यानं तार परत पानावर ठेवली. टोकाकडून गोपाळराव मान पुढे काढून म्हणाले, "माझ्या गाडीची जी. म्हणजे भय्याजींच्याच. मी आपल्या डोळ्यानं पाहिली. ही बदलली तेव्हापासून रानात नारळ न्यायचं काम नाई."

"अन् ही तुटली असली तं चालवणारा काय करन, मिस्त्री?"

पुंडलिक पुटपुटला, "काही नाई करू शकत. गाडी थांबतेच."

"जोरानं बोला. त्या दिवशी जोरानं बोलले होते."

"गाडीच थांबते! चालवणाऱ्याची खोट नाई!" पुंडलिक ओरडलाच. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "थंडी गाडी होती, बाई. थंड्या गाडीत कोणाले दिसन?"

"मंग थंड्या गाडीचं सांगायचं होतं. माझ्या माणसाचं काहून सांगितलं?"

भय्याजी तारेकडे पाहत होते. "एवढ्याशा तारेनं?" ते हळूच म्हणाले. "बाबूजी एवढ्याशा तारेनं गेले? मले काय मालूम होतं?"

"मालूम नोहतं, म्हणून तं विचारायचं होतं. तुमी उठवलं." रुखमा पुंडलिककडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "ऊठ."

पुंडलिक उठला. भरल्या पानावरून, हात न लावता. भय्याजींना तिनं काही म्हटलं नाही, पण मिठाशिवायच्या पानापुढे ते बसू शकले नाहीत. तेही गुडघ्यावर हात टेकून उठले.

रुखमाचं काम झालं होतं. बाकीच्यांना ती आता जेवा म्हणणार, तोच टोकाला टिकाराम उठून उभा राहिला.

"तुमी कायले उठले?" ती म्हणाली. "बसा, जेवा."

टिकारामनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो पंगतीकडे पाहत होता, एकेका चेहऱ्याकडे, जसं तिनं त्या दिवशी पाहिलं होतं.

"पंगतीतून एक उठला का पंगत उठते," तो म्हणाला. "त्या दिवशी मी उठलो तं तुमच्यातलं कोणी उठलं नाई. वडे गरम होते. आज दोन जण उठले. चाला, उठा सारे."

कोणी हसून पाहिलं, कोणी "अरे टिकाराम" म्हणून पाहिलं. तो तसाच उभा. पारावर वारा नव्हता, भाताची वाफ सरळ वर जात होती. मग एक म्हातारा उठला. त्याच्या शेजारचा उठला. सगळी पंगत भरल्या पानांवरून, कोरड्या हातांनी उठली आणि उपाशी गावाकडे चालू लागली. जनाबाई भाजीचं पातेलं हातात धरून उभीच्या उभी राहिली.

रुखमा नवऱ्याकडे पाहत राहिली. तिला वाटत होतं, ह्याचा राग आपण पाळला. ह्यानं तर तो आपल्यापेक्षा लांब पल्ल्याचा पाळला होता, आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता.

अन्न टाकणं पाप, हे तिला समजत होतं. त्याचं मायशी नंतर बोलून घेऊ. तिनं हात धुतले, पाराकडे गेली, नारळ, तांदूळ आणि खण घेऊन मातामायची ओटी भरली. मग परत येऊन पंगतीच्या मधोमध, भय्याजींच्या पानावर मांडी घालून बसली. शेजारचं पुंडलिकचं पान दाखवून टिकारामला म्हणाली, "या, बसा."

तो बसला.

"जनाबाई," तिनं हाक मारली, "इथं मीठ वाढ वो. ह्या पानावर मीठ राहिलं."